बंगाली आधी की मुसलमान आधी? बांगलादेशातला जुना वाद, सोप्या भाषेत

एप्रिल २०२५ मध्ये ढाक्यातल्या एका मिरवणुकीचं नाव बदललं आणि देशभर चर्चा पेटली. पोयला बैशाख म्हणजे बंगाली वर्षाचा पहिला दिवस. त्या सकाळी ढाका विद्यापीठाच्या चारुकला विभागातून, म्हणजे तिथल्या कलाशाळेतून, मोठमोठे मुखवटे आणि बांबू-कागदाचे वाघ, घुबडं, पाखरं घेऊन मिरवणूक निघते. तिला कित्येक वर्षं ‘मंगल शोभायात्रा’ म्हणत. २०१६ मध्ये युनेस्कोने आपल्या वारसा यादीत ती घेतली तीही याच नावाने. २०२५ साली ती ‘वर्षवरण आनंद शोभायात्रा’ झाली.

आयोजक म्हणाले, १९८९ साली ती सुरू झाली तेव्हा नाव ‘आनंद’च होतं, आम्ही मूळ नाव परत आणलं. टीका करणारे म्हणाले, ‘मंगल’ शब्द हिंदू वाटतो म्हणून धार्मिक संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या, तुम्ही त्यांच्यापुढे मान तुकवली.

आपण मराठी माणसं मंगल कार्यालय, मंगलाष्टका, मंगळसूत्र हे शब्द दिवसभर तोंडात घोळवतो. एवढ्याशा शब्दावरून लोक इतके का तापतात, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या शब्दाखाली एक जुना प्रश्न आहे: ज्या देशात दहातले नऊ लोक मुसलमान आहेत, त्या देशाने स्वतःची ओळख सांगताना इस्लामला कुठे बसवायचं? मनात, घरात, सणावारात, की थेट राज्यघटनेत? हा वाद म्हणजे धार्मिक विरुद्ध नास्तिक अशी भांडाभांडी नव्हे. वाद घालणारे दोन्हीकडचे बहुतेक लोक नमाज पढणारे, रोजे धरणारेच आहेत.

## एका माणसाच्या दोन ओळखी

बांगलादेशातला सामान्य माणूस एकाच वेळी बंगाली आहे आणि मुसलमानही. त्याला स्वतःला यात काही अडचण वाटत नाही. तुम्ही एकाच वेळी कोल्हापूरकर आणि वारकरी असू शकता, तसंच हे. अडचण येते ती दारावर पाटी लावायची वेळ येते तेव्हा. पाटीवर पहिलं नाव कोणतं?

१९४७ साली पूर्व बंगालने ‘मुसलमान’ हे नाव पहिलं लिहिलं आणि तो पाकिस्तानात गेला. यामागे श्रद्धा होती, आणि पोटाचा प्रश्नही होता. त्या भागात जमीनदार आणि सावकार बहुतांशी हिंदू, कुळं बहुतांशी मुसलमान. पाकिस्तान म्हणजे जमीनदारीतून सुटका, असं शेतकऱ्याला वाटलं. १९५० मध्ये तिथे जमीनदारी कायद्याने संपली, म्हणजे ती आशा अगदीच खोटी ठरली नाही.

पण मार्च १९४८ मध्ये जिना ढाक्याला आले आणि रमनाच्या रेसकोर्स मैदानावर म्हणाले की पाकिस्तानची राज्यभाषा उर्दू आणि फक्त उर्दूच राहील. अख्ख्या पाकिस्तानात निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलणारे होते. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी रस्त्यावर उतरलेल्या तरुणांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सलाम, बरकत, रफीक, जब्बार ही नावं आजही तिथल्या शाळकरी पोरांना पाठ असतात. सगळी मुसलमान नावं आहेत, हे लक्षात घ्या. भाषेसाठी मेलेल्या या तरुणांना कोणी आपला धर्म सोडायला सांगितला नव्हता, आणि त्यांनी तो सोडलाही नव्हता. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ घरात ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता त्या पोयला बैशाखकडेच परत येऊ, कारण तिथे या दोन ओळखी कशा एकमेकींत विणल्या आहेत ते अगदी जवळून दिसतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये बंगाली सन १४३२ सुरू झालं. हा आकडा आला कुठून? प्रचलित मत असं की अकबराच्या काळात शेतसारा पिकाच्या हंगामानुसार वसूल व्हावा म्हणून ही मोजणी लावली. अकबर गादीवर आला ते हिजरी ९६३, म्हणजे इसवी १५५६. (हिजरी म्हणजे प्रेषित मुहंमद मक्केहून मदिनेला गेले तिथपासून मोजला जाणारा इस्लामी सन.) तो हिजरी आकडा तसाच धरायचा आणि पुढे चांद्र वर्षांऐवजी सौर वर्षं मोजायची. १५५६ पासून २०२५ पर्यंत ४६९ वर्षं. ९६३ मध्ये ४६९ मिळवा, १४३२ येतात. ज्या सणाला काही लोक ‘हिंदूंचा’ म्हणतात, त्याच्या सनातच मक्का-मदिनेचं गणित दडलेलं आहे. शिवकालीन आणि पेशवेकालीन मराठी कागदांवर ‘सुहूर सन’ वाचलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तोही हिजरीतूनच निघालेला आणि सौर वर्षांनी चालणारा.

## १९७२: पाटी पुन्हा रंगवली

१९७१ च्या युद्धात पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालमध्ये जो नरसंहार केला, तो इस्लाम आणि पाकिस्तानची एकता वाचवण्याच्या नावाखाली केला. जमाते इस्लामी या धार्मिक राजकीय पक्षाने स्वातंत्र्याला विरोध केला आणि रझाकार, अल-बद्रसारख्या टोळ्यांनी लष्कराला मदत केली. १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. कुठे? जिना बोलले होते त्याच रेसकोर्स मैदानावर.

या जखमेतून स्वतंत्र बांगलादेशची १९७२ ची राज्यघटना आली. तिने राज्याची चार मूलतत्त्वं सांगितली: राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता. आपल्या राज्यघटनेच्या सरनाम्यात हा शब्द १९७६ साली आला. बांगलादेशने तो चार वर्षं आधी लिहिला होता, हे आपल्यापैकी फार कमी जणांना माहीत असतं.

## ‘धर्मनिरपेक्षता’ म्हणजे नेमकं काय?

बंगालीतही शब्द तोच, ‘धर्मनिरपेक्षता’. घोटाळाही तोच. आपल्याकडे एकेकाळी ‘निधर्मी राज्य’ असा शब्द सर्रास वापरत आणि ऐकणाऱ्याला वाटे, सरकारला देवधर्म नको आहे. बांगलादेशातही हीच भीती होती. म्हणून स्वातंत्र्यलढ्याचे नेते शेख मुजीबुर रहमान पुन्हा पुन्हा सांगत, धर्मनिरपेक्षता म्हणजे धर्महीनता नव्हे.

घटनेच्या कलम १२ मध्ये त्याचा अर्थ चार नकारांत मांडला होता: धर्माधर्मांत तेढ लावणारा जमातवाद नको, राज्याने कुठल्या धर्माला राजकीय दर्जा द्यायचा नाही, राजकारणासाठी धर्म वापरायचा नाही, आणि धर्म पाहून माणसाला त्रास द्यायचा नाही. कलम ३८ ने धर्मावर उभ्या राहिलेल्या राजकीय पक्षांना बंदी घातली.

पण याच घटनेत एक घोडचूक होती. कलम ६ म्हणालं, इथले नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील. चितगावच्या डोंगरातले प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा सभागृहात उठले आणि म्हणाले की मी चाकमा आहे, बंगाली नाही. चाकमा बहुतांशी बौद्ध, भाषा वेगळी, जमिनीची पद्धत वेगळी. कोणी ऐकलं नाही. धर्माची पाटी काढून भाषेची लावली, तरी घरातला कोणीतरी पाटीबाहेर राहिलाच. बांगलादेशच्या धर्मनिरपेक्ष बाजूवर माझा लोभ आहे, पण ही गोष्ट ती बाजू नेहमी पटकन उरकते, म्हणून इथे मुद्दाम थांबलो.

## मग इस्लाम घटनेत आला कसा?

दोन लष्करशहांच्या हातून. मुजीब यांची ऑगस्ट १९७५ मध्ये हत्या झाली. पुढे सत्तेवर आलेल्या झियाउर रहमान यांनी १९७७ मध्ये लष्करी हुकमाने घटनेच्या माथ्यावर ‘बिस्मिल्लाह’ घातलं, धर्मनिरपेक्षता काढून ‘सर्वशक्तिमान अल्लाहवर पूर्ण श्रद्धा’ हे शब्द आणले आणि कलम १२ वगळलं. ‘बंगाली’ऐवजी ‘बांगलादेशी’ ही ओळखही त्यांनीच दिली. त्यात डोंगरातल्या लोकांना कागदावर तरी जागा मिळाली, हे मान्य करायला हवं. १९७९ च्या पाचव्या दुरुस्तीने या सगळ्या हुकमांवर शिक्का मारला.

मग १९८२ मध्ये सत्ता बळकावलेले जनरल इर्शाद. जून १९८८ मध्ये त्यांनी आठवी दुरुस्ती करून इस्लामला ‘राष्ट्रधर्म’ केलं. (मराठीत राष्ट्रधर्म म्हटलं की देशाप्रति कर्तव्य असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. बंगालीत त्याचा अर्थ सरळ आहे: राज्याचा अधिकृत धर्म.) ज्या संसदेने हे मंजूर केलं, तिच्या निवडणुकीवर मुख्य विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला होता. मुजीब यांची अवामी लीग आणि झियाउर रहमान यांनी काढलेला बीएनपी, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन्ही पक्ष त्या दुरुस्तीच्या विरोधात होते. ‘नारीपक्ष’ ही स्त्रियांची संघटना कोर्टात गेली. कवयित्री सुफिया कमाल यांच्यासह पंधरा नागरिकांनीही अर्ज केला. तो निकाली निघाला मार्च २०१६ मध्ये. तुम्हाला हा अर्ज करायचा अधिकारच नाही, असं म्हणून कोर्टाने तो फेटाळला. तोवर अर्जदारांपैकी बरेचजण हयातही नव्हते.

‘लोकांची मागणी होती म्हणून इस्लाम घटनेत आला’ असं सर्रास सांगितलं जातं. लोक धार्मिक होते आणि आहेत, यात शंका नाही. पण या दोन्ही बदलांच्या वेळी लोकांना मोकळेपणाने विचारलं गेलं नव्हतं. मतपेटीतून न आलेल्या सत्तेला प्रतिष्ठा हवी होती, आणि ती धर्माकडून सगळ्यात स्वस्तात मिळाली.

## एका थिएटरची गोष्ट

जुन्या ढाक्यात मून सिनेमा नावाचं थिएटर होतं. स्वातंत्र्यानंतर सरकारने ते बेवारस मालमत्ता म्हणून ताब्यात घेतलं. मालक कंपनी म्हणत राहिली की आम्ही इथेच आहोत, आमचं थिएटर परत द्या. पण लष्करी राजवटीच्या हुकमाने कोर्टाचे हात बांधलेले, आणि त्या हुकमाला पाचव्या दुरुस्तीचं कवच. शेवटी कंपनीने ती दुरुस्तीच बेकायदा आहे, असा दावा लावला.

२००५ मध्ये उच्च न्यायालयाने पाचवी दुरुस्ती रद्द ठरवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. एका सिनेमा थिएटरच्या ताब्याच्या भांडणातून धर्मनिरपेक्षता घटनेत परतायची वाट मोकळी झाली.

## तीही आणि हेही

२०११ मध्ये मुजीब यांची मुलगी शेख हसीना यांच्या अवामी लीग सरकारने पंधरावी दुरुस्ती केली. धर्मनिरपेक्षता परत आली, कलम १२ परत आलं. पण राष्ट्रधर्म इस्लाम तसाच राहिला, फक्त हिंदू, बौद्ध, ख्रिश्चन आणि इतर धर्मांना समान दर्जा आणि समान हक्क असं वाक्य त्याला जोडलं. ‘बिस्मिल्लाह’ही राहिलं. एकाच घटनेत राज्य धर्मनिरपेक्ष आणि राज्याला अधिकृत धर्मही.

हे दोन्ही डगरींवर हात ठेवणं पुढेही चाललं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोरचा न्यायदेवतेचा पुतळा हेफाजते इस्लाम या मदरशांमधून उभ्या राहिलेल्या संघटनेच्या दबावाखाली दर्शनी जागेवरून हलवला. २०१८ मध्ये कौमी, म्हणजे सरकारी व्यवस्थेबाहेर चालणाऱ्या, मदरशांच्या वरच्या पदवीला एमएचा दर्जा दिला, आणि मदरसेवाल्यांनी हसीनांना ‘कौमी जननी’ ही पदवी दिली. हे सगळं धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या सरकारच्या काळात घडलं. त्याच काळात निवडणुका पोकळ झाल्या, टीका करणारे तुरुंगात गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांनी हसीनांना पळवून लावलं तेव्हा अनेक तरुणांच्या मनात ‘धर्मनिरपेक्षता’ हा शब्द त्या राजवटीचा शब्द होऊन बसला होता. एका चांगल्या शब्दाचं याहून मोठं नुकसान त्याच्या कुठल्या शत्रूने केलं नसेल.

जानेवारी २०२५ मध्ये अली रियाझ यांच्या अध्यक्षतेखालच्या घटना सुधारणा आयोगाने सुचवलं: धर्मनिरपेक्षता, समाजवाद आणि राष्ट्रवाद काढा. त्या जागी समता, मानवी प्रतिष्ठा, सामाजिक न्याय आणि बहुत्ववाद (म्हणजे वेगवेगळ्या लोकांना सारखी जागा) आणा, लोकशाही ठेवा. यातले पहिले तीन शब्द १० एप्रिल १९७१ च्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रातले आहेत. राष्ट्रधर्म मात्र आयोगाने हलवला नाही. मग ‘बहुत्ववाद’ शब्दालाही इस्लामी पक्षांनी हरकत घेतली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी बहुतेक पक्षांनी ‘जुलै सनद’ नावाच्या सुधारणांच्या मसुद्यावर सह्या केल्या. काही डाव्या पक्षांनी सही नाकारली, आणि त्यांच्या आक्षेपांत १९७२ च्या चार तत्त्वांना हात लावणं हाही एक होता.

## ‘बहुसंख्य मुसलमान आहेत, मग बिघडलं काय?’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार देशात ९१ टक्के मुसलमान आणि जवळपास ८ टक्के हिंदू आहेत. इंग्लंडमध्येही अधिकृत चर्च आहे, आणि तिथे कोणी घाबरून राहत नाही.

यातला फरक लग्नपत्रिकेवरून समजेल. पत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री गणेशाय नमः’ छापलं म्हणून जेवायला आलेल्या मुसलमान मित्राच्या ताटात काही कमी पडत नाही. घटनेवरचं ‘बिस्मिल्लाह’ या जातीचं आहे, असं मानता येईल. राष्ट्रधर्माचं तसं नाही. दहा खोल्यांच्या चाळीत नऊ बिऱ्हाडं एका धर्माची असणं वेगळं, आणि चाळीच्या नियमावलीत ‘ही चाळ अमुक धर्माची, बाकीच्यांनाही समान हक्क आहेत’ असं लिहिणं वेगळं. रोजचं पाणी दहाव्यालाही मिळतं. पण गच्चीवरून तंटा झाला की नऊपैकी एखादा ती नियमावली उघडून पहिलंच वाक्य वाचून दाखवतो.

मुसलमान बहुसंख्य असले की अधिकृत धर्म लिहावाच लागतो, असंही नाही. जगात सर्वात जास्त मुसलमान असलेल्या देशांपैकी इंडोनेशियाने १९४५ साली मुसलमानांना शरियत बंधनकारक करणारे शब्द मसुद्यातून शेवटच्या क्षणी वगळले. तुर्कस्तानने १९२८ मध्ये अधिकृत धर्माचं कलम काढून टाकलं.

## ‘हा तर हिंदू-मुसलमान वाद आहे’

आपल्याकडच्या बातम्या पाहून तसंच वाटतं. हिंदूंच्या घरांवर आणि देवळांवर हल्ले झाले आहेत, तेही वेगवेगळ्या राजवटींत, आणि त्यांचं भय खरं आहे. १९७४ च्या जनगणनेत हिंदू साडेतेरा टक्के होते, हे विसरून चालणार नाही.

पण राज्याने एकदा धर्म स्वीकारला की पुढचा प्रश्न असतो: कोणता इस्लाम? आणि त्याची झळ मुसलमानांनाच लागते. अहमदिया हा स्वतःला मुसलमान म्हणवणारा छोटा पंथ, पाकिस्तानने १९७४ मध्ये घटना दुरुस्त करून त्याला बिगरमुसलमान ठरवलं. बांगलादेशात २००४ मध्ये अहमदियांच्या प्रकाशनांवर सरकारने बंदी घातली. मार्च २०२३ मध्ये पंचगडला त्यांच्या वार्षिक मेळाव्यावर हल्ला झाला. ऑगस्ट २०२४ नंतर अनेक ठिकाणी पीर-फकिरांच्या मजारी, म्हणजे समाध्या, फोडल्या गेल्या. ज्या बंगालमध्ये इस्लाम रुजला तो बराचसा याच पिरांच्या हातून, आणि मजारीच्या उरुसाला गावचे हिंदूही जात आले आहेत. मजार फोडणाराही ‘इस्लामसाठी’ म्हणतो, आणि मजारीवर चादर चढवणारी बाईही मुसलमानच असते.

## शब्द बदलल्याने माणसाचं काय बदलतं?

इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण घटनेतल्या एका शब्दावरून रान उठतं आणि रोजचा कायदा तसाच पडून राहतो. लग्न, घटस्फोट, वारसा हे बांगलादेशात आजही ज्याच्या त्याच्या धर्माच्या कायद्याने चालतं. मुसलमान मुलीला वारशात भावाच्या निम्मा वाटा मिळतो. एप्रिल २०२५ मध्ये महिला सुधारणा आयोगाने बरोबरीचा वाटा सुचवला. ३ मे रोजी हेफाजतने त्या आयोगाविरुद्ध प्रचंड सभा भरवली, ती सुहरावर्दी उद्यानात. म्हणजे रेसकोर्सचं तेच मैदान, आज त्याचं नाव बदललं आहे एवढंच.

आणि हिंदू बाई? तिला बांगलादेशात घटस्फोट घेताच येत नाही. भारतात हिंदू कायदा १९५५-५६ मध्ये सुधारला, तिथे तो जुनाच राहिला. सुधारणेला तिथल्या काही हिंदू संघटनाच विरोध करतात. वारशात विधवेला मिळतो तो हयातीपुरता हक्क. नवरा मारतो, दुसरी करून आणतो, तरी लग्न तुटत नाही. धर्मनिरपेक्षता घटनेत आली, गेली, पुन्हा आली. तिच्यासाठी मात्र अजूनही कायदा आहे तो १९४६ चा, पाकिस्तानही जन्मायच्या आधीचा. त्यानुसार ती नवऱ्यापासून वेगळं राहून पोटगी मागू शकते, आणि कागदोपत्री आयुष्यभर त्याचीच बायको राहते.